खान्देशातले सायकलचे चढरस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देश तर सपाट मुलूख. इथे चढाचे रस्ते कुठून आले?

मधोमध सपाट, कडेला डोंगर, अशी आपली रचना आहे. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या दोन्ही काठांना काळी माती, केळी, कापूस, ऊस. उत्तरेला रावेरपासून अक्कलकुव्यापर्यंत सातपुडा आडवा पसरलेला. दक्षिणेला चाळीसगाव-पाचोऱ्याच्या पाठीशी अजिंठ्याचे डोंगर. पश्चिमेला साक्री-पिंपळनेरकडे सह्याद्रीचे फाटे. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चढ शोधायचा तर काठाकडे जावं लागतं.

या रचनेचा सायकलवाल्यावर थेट परिणाम होतो. जळगावहून पहाटे निघून डोंगर गाठला, चढला, उतरला, इथवर सगळं छान. परतीचे चाळीस-पन्नास किलोमीटर मात्र भर उन्हात, सावली नसलेल्या सपाटीवर कापायचे असतात. घाटात दमून सायकल उभी केलेली माणसं कमीच दिसतात. अकरा वाजता रसवंतीच्या ताडपत्रीखाली डोकं धरून बसलेली बरीच दिसतात. म्हणून खाली प्रत्येक रस्त्याबरोबर पायथ्याचं गाव दिलं आहे. सायकल गाडीत घालून किंवा आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जाऊन तिथूनच सुरुवात करा. शहरातून निघून शहरात परतायचा हट्ट दमदार मंडळींसाठी ठेवा.

मी रोज सकाळी पंधरा-वीस किलोमीटर चालवतो. पहिला चढ कुठला घेऊ?

धुळेकरांसाठी नकाणे तलाव आणि गोंदूरकडचा रस्ता आहेच, पण तो पाय मोकळे करायला. चढ म्हणावा असा तिथे काही नाही. लळिंगचा चढ गावापासून दहा किलोमीटरवर आहे आणि किल्ला समोर दिसत असल्याने मोह होतो. पण तो मुंबई-आग्रा महामार्ग आहे. ट्रकच्या रांगेशेजारून हळूहळू चढण्यात नवख्याला काही मिळत नाही, नुसती धास्ती मिळते.

जळगावकरांनी शिरसोलीच्या पुढे रामदेववाडीकडे जावं. चढ लहान आहे, पण गिअर कधी बदलायचा हे शिकायला पुरतो. तिथे चेन न पाडता दोन-तीनदा वर-खाली करता आलं की पुढचा टप्पा पद्मालय. एरंडोलपासून साधारण दहा किलोमीटरवर टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे, समोर कमळांचं तळं. अडीच गणेशपीठांतलं अर्धं पीठ म्हणून याची ख्याती, त्यामुळे चतुर्थीला गर्दी असते. तो दिवस टाळा. एरंडोलहून निघालात तर जाऊन-येऊन वीस किलोमीटर, शेवटी थोडा दम काढणारा चढ आणि वर बसायला सावली. पहिल्या रविवारसाठी याहून बरा रस्ता मला सुचत नाही.

चढ किती अवघड आहे हे आधी कसं कळणार? लोक नुसतं "लई चढ शे" म्हणतात.

शंभर मीटर पुढे गेल्यावर तुम्ही किती मीटर वर गेलात, ती चढाची टक्केवारी. तीन-चार टक्के म्हणजे बोलत बोलत चढता येतं. सहा टक्क्यांना बोलणं थांबतं. दहा टक्क्यांना फक्त पुढच्या चाकाखालचा डांबराचा तुकडा दिसतो.

आकड्यात सांगायचं तर माणूस, सायकल, बाटल्या मिळून 85 किलो वजन धरा आणि 150 वॉटचा सातत्याचा जोर धरा. रोज चालवणाऱ्या, पण शर्यती न खेळणाऱ्या माणसाचा एवढा जोर असतो. सहा टक्क्यांच्या चढावर त्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास येतो आणि दहा टक्क्यांवर सहा. सपाटीवर पंचवीसने जाणाऱ्याला सहाचा आकडा दिसला की वाटतं, ब्रेक घासतोय. ब्रेक घासत नसतो. चढच तेवढा असतो.

रस्ता मोबाइलच्या अॅपमध्ये टाकला की चढाचा आलेख दिसतो. त्यात एकूण चढाई बघाच, पण सलग चढ किती किलोमीटरचा आहे हे त्याहून महत्त्वाचं. तीनशे मीटर चढाई दिवसभरात विखुरलेली असेल तर कळतही नाही. तीच पाच किलोमीटरांत आली तर चांगलीच कळते.

चाळीसगावकडे काय आहे?

खरं तर खान्देशातला सगळ्यात चांगला मध्यम रस्ता तिथे आहे: चाळीसगाव ते पाटणादेवी. अंतर जेमतेम अठरा किलोमीटर, हलके चढउतार, आणि जसजसं पुढे जावं तसतसे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात. शेवटचा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत. चंडिकादेवीचं देऊळ डोंगराच्या कुशीत आहे, पावसाळ्यात वरून धबधबे कोसळतात. याच पाटण गावात यादवकाळातला शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. गणितात नापास झालेल्या आमच्या मित्रमंडळींनी तिथे जाऊन उगाच हात जोडून आल्याची उदाहरणं आहेत.

रस्ता जंगलातून जातो, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचा आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडा. नवरात्रात आणि चैत्री यात्रेत सायकल घेऊन जाऊ नका. गाड्यांच्या धुळीखेरीज काही दिसत नाही.

आणि औट्रम घाट? म्हणजे कन्नडचा?

चढ म्हणून तो सुरेख आहे. चाळीसगावहून पायथ्यापर्यंत सपाट येऊन मग वळणावळणाने तीनशे मीटरच्या आसपास चढाई, आणि चढ फार उभा नसल्याने एक लय लावून बसता येतं. घाटाला नाव मिळालं ते जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. एकोणिसाव्या शतकात खान्देशात भिल्लांची पलटण उभारली तोच हा.

अडचण वाहतुकीची आणि दरडीची. हा धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आहे. 2021 च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीत इथे दरडी कोसळून घाट बंद पडला होता. 2023 साली न्यायालयाच्या आदेशानंतर जड वाहनांना बंदी झाली आणि सायकलवाल्यांना थोडा श्वास मिळाला. तरीही बस आणि कार भरपूर असतात. माझं मत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्या उजाडल्या, तिघं-चौघं मिळून, मागे लाल दिवा चालू ठेवून. जून ते सप्टेंबर अजिबात नको. निघण्याआधी घाट चालू आहे का, हे चाळीसगावात विचारून घ्या.

सातपुड्यातला सोपा रस्ता कुठला?

आधी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता नकाशात शोधा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा अशी गावं जोडत तो सातपुड्याच्या पायथ्याला समांतर जातो. डोंगरात शिरणारी जवळजवळ प्रत्येक वाट याच रस्त्यावरून उत्तरेला फुटते. हा कणा समजला की रस्ते स्वतःचे स्वतः आखता येतात.

नवख्यांनी उनपदेवला जावं. चोपडा तालुक्यात अडावदच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून बारमाही पाणी पडतं. डिसेंबरच्या थंडीत सायकल चालवून जावं आणि त्या पाण्यात पाय सोडून बसावं. तसंच मनुदेवी. यावल तालुक्यात आडगावच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत. शेवटचा टप्पा चढाचा आणि रस्ता मध्ये मध्ये खराब. श्रावणात धबधबा जोरात असतो, पण तेव्हाच गर्दीही.

त्याच्या वरचा टप्पा पालचा. खिरोद्याहून घाट चढून पालला जाता येतं. रावेरहूनही रस्ता आहे, साधारण पंचवीस किलोमीटर. खिरोद्याची बाजू मला जास्त आवडते. चढ एकदम अंगावर येत नाही, झाडी चांगली आहे आणि खाली बघितलं की केळीच्या बागांचा हिरवा पट्टा तापीपर्यंत दिसतो. पाल हे छोटंसं थंड हवेचं ठिकाण म्हणून जिल्ह्यात ओळखलं जातं, पण महाबळेश्वर डोळ्यासमोर ठेवून गेलात तर फसाल. भोवती यावल अभयारण्य, सुकी नदी, चहाच्या एक-दोन टपऱ्या, आणि शांतता. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरलात तर वळसा पुरा होतो. फैजपूर वाटेत लागतं. 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलंच.

अजिंठ्याला सायकलने जातात का?

जातात. जळगावहून फर्दापूर पंचावन्न-साठ किलोमीटर, नेरी-पहूर-वाकोद मार्गे. फर्दापूरपर्यंत चढ जाणवत नाही. पुढे अजिंठा गावाकडे जाणारा घाट छोटा आहे. लेणी बघायची असतील तर वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावं लागतं, शिवाय सोमवारी लेणी बंद. कुलूप न विसरता न्या.

धुळे-साक्री भागात चढ आहेत, पण तिथलं वारं वाईट म्हणतात. खरं का?

खरं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. त्या तिथे हौसेने लावलेल्या नाहीत. सायकलवाल्याने त्यातून घ्यायचा तो अर्थ घ्यावा.

तापीचं खोरं पश्चिमेला, सुरतेकडे, उघडं आहे. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत वारा त्या तोंडातून आत घुसतो आणि खोऱ्याभर वाहतो. त्या दिवसांत धुळ्याहून साक्रीकडे निघालं की तोंडावर वारा, पंधराचा वेगही मोठा वाटतो. नियम साधा आहे: वाऱ्याच्या तोंडावर आधी जायचं, म्हणजे पाय ताजे असतात. परतीला तोच वारा पाठीवर येतो. हिवाळ्यात वारा मवाळ असतो, तेव्हा दिशेची फार चिंता नको.

रस्ते सांगायचे तर कोंडाईबारी घाट नावाजलेला, पण तो सुरत महामार्गावर आहे. तिथे रात्रंदिवस ट्रक. मी कुणाला सुचवत नाही. त्याऐवजी पिंपळनेरला मुक्काम करा. तिथून नवापूरच्या अंगाला चरणमाळ घाट उतरतो. वळणं दाट, झाडी दाट, आणि पावसानंतरच्या महिन्यात इतका हिरवा की खान्देशात आहोत हे खरं वाटत नाही. लक्षात घ्या, पिंपळनेरहून निघालात तर आधी उतार लागतो आणि परतताना चढ. उतरताना "वा वा" करणारी मंडळी वर येताना गप्प असतात. दुसऱ्या दिशेला सेलबारीचा घाट ओलांडला की ताहाराबाद, पुढे मांगी-तुंगीचे जोडसुळके. तो नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणचा भाग झाला, पण पिंपळनेरहून सकाळी जाऊन दुपारच्या आत परत येता येतं. पाऊस ओसरला की आमळी गावाकडे, अलालदरीच्या धबधब्यापर्यंतही एक फेरी होते. रस्ता अरुंद, चढउतार सतत, एकही लांब चढ नाही, तरी संध्याकाळी मांड्या बोलतात.

तोरणमाळ मला झेपेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटरवर आहे. शहाद्याचा तापीकाठचा सपाट भाग दीडशेच्या आसपास. म्हणजे खालून वर हजार मीटरची चढाई, अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. खान्देशात एका दमात याहून मोठा डांबरी चढ नाही.

रस्त्याचे तीन भाग मनात ठेवा. शहादा ते म्हसावद सपाट. ऊस, केळी, पपई, ट्रॅक्टर. म्हसावदपासून राणीपूरकडे जमीन हळूहळू वर उचलली जाते. डोळ्याला सपाटच दिसतं, पण वेग कमी होत जातो आणि आपलं काहीतरी बिनसलंय असं वाटायला लागतं. इथे जोर लावून वेग टिकवायचा प्रयत्न करू नका. बहुतेक जण इथेच पाय खर्ची घालतात आणि तेच पुढे भोवतं. तिसरा भाग घाटाचा. त्यातला सात पायरी घाट प्रसिद्ध आहे. वळणावर वळण रचलेलं, वरच्या वळणावरून खालची वळणं एकाखाली एक दिसतात. वळणाच्या आतल्या बाजूला चढ सगळ्यात उभा असतो, म्हणून समोरून गाडी येत नसेल तर वळण थोडं रुंद घ्या. आतून कापायला गेलं की चाक जागच्या जागी थांबतं.

झेपेल की नाही याची परीक्षा अशी. पालचा घाट खाली पाय न टेकवता चढून, वर चहा पिऊन, त्याच दिवशी आणखी चाळीस किलोमीटर चालवता येत असेल तर तोरणमाळ झेपेल. वेळ लागेल, पण झेपेल. नसेल येत तर अजून दोन-तीन महिने द्या. मध्ये उतरून सायकल ढकलण्यात लाज काही नाही. पण ढकलायचीच असेल तर क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घालून येऊ नका.

जाऊन लगेच परत यायचं की मुक्काम करायचा? मुक्काम. वर राहायची सोय आहे, आधी फोन करून खात्री करा. यशवंत तलावाकाठची संध्याकाळ, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं देऊळ हे सोडून घड्याळ बघत खाली पळण्यात अर्थ नाही. आणि दमलेल्या हातांनी सात पायरी उतरणं चढण्यापेक्षा धोक्याचं आहे. सकाळी ताज्या अंगाने उतरा. एक लांब ब्रेक धरून ठेवू नका. रिम गरम होते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने दाबा, वेग मोडा, मग सोडा.

महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, गुजरात-मध्य प्रदेशातूनही लोक येतात. त्या आठवड्यात सायकल घरीच ठेवा.

तोरणमाळच्या पुढे काही आहे?

आहे, पण ज्यांना हे विचारावं लागतं त्यांच्यासाठी अजून नाही. तळोद्याकडून धडगावला चढणारा चांदसैली घाट अरुंद आणि उभा आहे, पावसाळ्यात दरडी येतात. अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा देवगोई घाट लांब, वळणांचा, आणि त्यावरून खचाखच भरलेल्या जीप धावतात. निसर्गाबद्दल बोलायचं तर या दोन रस्त्यांना तोड नाही. अंगणात वाळत घातलेल्या आंब्याच्या फोडी, डोंगरउतारावरचं भगरीचं पीक, एकेका टेकडीवर एकेक घर. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा रस्त्यावर ढोल आणि माणसं असतात, वाहनांना थांबावंच लागतं. तुम्हीही थांबा. फोटो काढण्याआधी विचारा.

इथे दुकानं तुरळक, मोबाइलची रेंज मध्येच जाते, पंक्चरवाला नाही. दोन ट्यूब, टायर उचकटायचे लिव्हर, पंप, चेनचा जोड आणि तो बसवण्याची अक्कल, हे सगळं बरोबर हवं. एकटं जाऊ नये.

शिरपूरहून सेंधव्याकडे बिजासन घाट करू का?

नको.

कुठल्या महिन्यात चालवावं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत डोळे मिटून. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचं किमान तापमान एक आकडी होतं, पहाटे हातमोजे नसले तर ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत. मार्चमध्ये नऊच्या आत घरी या. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा पहाटे साडेचारला निघून सातला परत, तेही सपाटीवर. उन्हाळ्यात डोंगर चढायचाच असेल तर तोरणमाळला मुक्कामाला राहा आणि वरच्या वर फिरा.

पावसाळ्यात डोंगर सगळ्यात देखणे आणि रस्ते सगळ्यात वाईट. शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळ्या मातीची ढेकळं डांबरावर सोडत जातो. त्यावर एक सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. तीच माती ब्रेकमध्ये आणि फोर्कमध्ये इतकी चिकटते की चाक फिरेनासं होतं. ओली असताना काठीने काढा. वाळली की ती विटेला भारी पडते.

कुठली सायकल हवी? माझ्याकडे साधी एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) आहे.

पद्मालय, पाटणादेवी, उनपदेवसाठी कुठलीही चालेल. हवा नीट भरा, सीट योग्य उंचीवर घ्या, चेनला तेल घाला. नवी सायकल घ्यायची घाई नको.

चढासाठी गिअरचं गणित बघा. पुढे 34 दात आणि मागे 28 दात असलेल्या रोड बाइकवर दहा टक्के चढ सहाच्या वेगाने चढताना पाय मिनिटाला फक्त चाळीसदा फिरतात. म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर घण. मागे 34 दातांची चकती बसवली की पन्नासच्या जवळ येतात. आणि तुमच्या त्या "साध्या" एमटीबीवर पुढे 22, मागे 34 असेल तर सत्तरच्या वर. त्यामुळे सपाटीवर तिला मागे टाकणारी महागडी रोड बाइक सात पायरीत तिच्याच मागे दिसते. रोड बाइक असेल तर तोरणमाळच्या आधी मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, टाकून घ्या. डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) ती पेलते का, हे दुकानदाराला विचारून.

टायर 28 किंवा 32 मिलिमीटर. आपल्याकडचे गावरस्ते 23 च्या टायरसाठी नाहीत.

पंक्चर फार होतात. उपाय?

वेडी बाभूळ. रस्त्याच्या कडेला झुडपं छाटतात आणि काटेरी फांद्या तिथेच पडून राहतात. शिवाय सुगीत सराटे. डांबराच्या अगदी कडेने चालवू नका, हातभर आत राहा. कुठेही सायकल झोपवायची तर आधी जमीन बघा. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, काटा बहुतेक तिथेच असतो. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) घालणं हा पैशाचा सदुपयोग आहे.

खाण्यापिण्याचं काय करायचं?

हिशोब सांगतो. 85 किलो वजन हजार मीटर वर न्यायला सुमारे 834 किलोज्यूल काम होतं. शरीर खाल्लेल्या अन्नातला फार तर पाव हिस्सा कामाला लावतं, बाकीची उष्णता होते. म्हणजे नुसत्या चढाईचा खर्च आठशे कॅलरी, सपाटीचा वेगळा. एक केळं साधारण शंभर कॅलरीचं. तोरणमाळ म्हणजे आठ केळी आणि वर जेवण. केळ्यांच्या मुलखात राहून एनर्जी जेलची पाकिटं मागवायची गरज काय, मला कळत नाही.

चढाआधी भरीत-भाकरी किंवा शेवभाजी नको. दोन्ही जीव की प्राण, पण तिखट तेल घेऊन घाट चढताना घसा पेटतो. ते परतल्यावर. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, वर कांदा: उतरल्यावर याच्यासाठीच तर चढायचं. चढाआधी पोहे, केळी, गूळ-शेंगदाणे.

पाणी दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, मार्चनंतर जास्त, त्यात मीठ-साखर-लिंबू. घाट सुरू होण्याआधीच्या शेवटच्या गावात बाटल्या भरून घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका.

नंदुरबार किंवा दोंडाईचाकडून जाणार असाल तर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मैदानंच्या मैदानं लाल. फोटोला सुंदर, पण वारा तुमच्याकडे असेल तर डोळे आणि नाक वाहायला लागतात. गॉगल आणि नाकावर रुमाल.

मॅपवर नाव टाकलं तर भलतंच दाखवतं.

नावसारखेपणा आपल्याकडे फार. एक म्हसावद जळगावजवळ रेल्वे स्टेशनाचं, दुसरं शहाद्याच्या पुढे तोरणमाळच्या वाटेवर. उनपदेव चोपड्याकडे आहे आणि शहादा तालुक्यातही आहे. वैजापूर चोपड्याच्या डोंगरात एक, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तालुक्याचं गाव एक. नावासोबत तालुका टाका. आणि नाक्यावरच्या आबांना विचारा. "कोठे जाई राह्यनात भाऊ?" ते आधी विचारतीलच. अंतर मात्र त्यांच्या अंदाजाने धरू नका, मोटारसायकलवाल्याचे "हे काय, दोन किलोमीटर" अनेकदा सात निघतात.

कुत्री, गुरं, ट्रॉली?

कुत्रं मागे लागलं तर थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा. बहुतेक वेळा त्याचा रस संपतो. म्हशींच्या कळपाला घंटी वाजवू नका, गुराख्याला हाक मारा. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असतात. ओव्हरटेक करताना एक गेली म्हणजे संपलं असं समजू नका. गळीत हंगामात शहादा भागात हे रोजचं आहे.

जंगलात बिबट्या असतो ना?

असतो. सूर्योदयानंतर आत जा, सूर्यास्ताआधी बाहेर या. अभयारण्याच्या नाक्यावर नाव लिहून द्या, मुख्य डांबरी रस्ता सोडून आतल्या वाटांनी परवानगीशिवाय जाऊ नका.

आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी जाऊ इच्छितो. कुठले रस्ते बरे?

पाटणादेवी, पद्मालय, उनपदेव, आणि प्रकाशा. शेवटचा चढाचा नाही. नंदुरबारहून तापीकाठापर्यंत पंचवीसेक किलोमीटर, दक्षिण काशी म्हणतात त्या घाटावर बसून परत. या सगळ्या देवस्थानांच्या वाटा आहेत, दिवसभर बायामाणसांची ये-जा असते, हा त्यांचा मोठा फायदा. स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे. पेट्रोल पंप आणि देवस्थानं ही दोनच भरवशाची ठिकाणं, त्यानुसार थांबे ठरवा. लोक बघतात, विचारतात, पोरं मागे धावतात. बहुतेक कुतूहल असतं. दुचाकीवरून कुणी बराच वेळ मागे येत असेल तर पुढच्या वस्तीतल्या दुकानाशी थांबा आणि तो पुढे निघून जाईपर्यंत हलू नका.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीची) तयारी या रस्त्यांवर होईल का?

होईल. 200 किलोमीटरला साडेतेरा तास असतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराहून थोडा कमी वेग पुरतो. मोठ्या चढांपेक्षा लांब बसण्याची सवय महत्त्वाची. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर चोपडा-शहादा-चोपडा असं एकदा करून बघा, मध्ये एखादा पायथ्याचा फाटा घुसवा. बूड, मान आणि तळहात काय म्हणतात ते कळेल. पाय कधीच आधी तक्रार करत नाहीत.

मदत लागली तर?

अपघात झाला तर 108. सातपुड्याच्या आतल्या भागात गाडी यायला वेळ लागतो. तोवर रस्त्याने येणारी पहिली जीप थांबवा, ती थांबते. घरच्यांना निघताना रस्ता आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि रेंज गेली की फोन लागणार नाही हेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही वर निवांत चहा पीत असता आणि खाली अख्खी गल्ली गाडी काढून शोधायला निघालेली असते.